अठरा नंबरच्या हद्दीतली मुलगी

हद्द कक्षात बसणाऱ्या माणसाची कातडी जाड लागते. माझी आहे. सव्वीस वर्षं शिक्षिका होते, त्यातली दहा वस्तीशाळेवर, तेव्हा वर्गातली शेळी हाकलून मग प्रार्थना घेण्यापासून सगळं करून झालंय. पण जूनमध्ये या टेबलाशी बसून जे ऐकावं लागतं, ते तिथेही ऐकलं नव्हतं. रोज दीडशे पालक येतात आणि प्रत्येकाचं एकच म्हणणं असतं: समोरच्या घरातला पोरगा अठरा नंबरच्या शाळेत जातो, मग आमच्या पोरीलाच एकतीस नंबर का? मी नकाशा उघडून दाखवते, काका, रेघ तुमच्या घराच्या अलीकडून जाते. ते म्हणतात, ही रेघ ज्यानं काढली त्याला बोलवा. आता यंत्राला कुठून बोलावू?

हिवरेनगर काही फार मोठं शहर नव्हे. पण बाह्यवळण रस्ता झाला, गोदामं आली, त्यांच्या मागून इमारती आल्या, माणसं आली. शाळा मात्र होत्या तेवढ्याच राहिल्या. महापालिकेची माध्यमिक शाळा क्रमांक अठरा सहाशे मुलांसाठी बांधलेली, आज तिच्यात एकोणीसशे आहेत. नववीच्या एकेका तुकडीत ब्याऐंशी. दोन पाळ्या करून भागेना म्हणून ‘घरचा दिवस’ आला: आठवड्यातले तीन दिवस शाळा, तीन दिवस घरी बसून टॅबवर अभ्यास. एकतीस नंबरमध्ये जागा आहे, पण ती नऊ किलोमीटरवर, हायवेच्या पलीकडे. तिकडे नाव गेलेल्या मुलींपैकी निम्म्या दिवाळीनंतर दिसत नाहीत, हे मी आकडे पाहून सांगते आहे.

पूर्वी कुठली गल्ली कुठल्या शाळेत हे नगरसेवक ठरवायचे आणि दर वर्षी डोकी फुटायची. म्हणून चार वर्षांपूर्वी ही प्रणाली आणली. कागदावर तिचं नाव लांबलचक आहे, शहरात तिला सगळे ‘रेघ’ म्हणतात.

तिचं काम मला समजावलं ते निरंजन कुलथेंनी. प्रणाली तेच सांभाळतात. माणूस वाईट नाही, डबा वाटून खातो, पण यंत्राबद्दल बोलायला लागला की जावयाचं कौतुक करणाऱ्या सासूसारखा थांबत नाही. त्यांचं म्हणणं असं, की मुलं नुसती मोजून भागत नाही. आज गल्लीत वीस मुलं आहेत, पण दहावीपर्यंत किती राहतील? कुणाचं घर बदलतं, कुणाचं लग्न लावतात, कुणी कामाला लागतं. म्हणून रेघ प्रत्येक मुलाचं एक प्रतिरूप बनवते. हजेरी, गुण, पोषण आहार, आजारपणाच्या सुट्ट्या, घरातल्या माणसांची कामं, वयं, सगळं घालून त्या मुलाला आत एकेक दिवस पुढे जगवते. एकदा नाही, हजारदा, हजार वाटांनी. त्यातल्या नऊशे वाटांवर मूल त्याच घरातून त्याच शाळेत जात असेल, तर ते मूल खात्रीचं. आणि रेघ ताणली जाते ती खात्रीच्या मुलांवर. कुलथे त्यांना खुंट्या म्हणतात. कच्च्या मुलांजवळ रेघ ढिली असते, खुंटीजवळ ती घट्ट बसते.

दुसरी गोष्ट त्यांनी सहज सांगितली होती, तेव्हा माझं लक्ष गेलं नाही. एखाद्या मुलाची माहिती कुठे कमी पडली, घरच्या दिवसाचा अभ्यास आला नाही, तर ती जागा प्रतिरूप भरतं. त्या मुलानं काय लिहिलं असतं, ते लिहून टाकतं. सहसा बरोबर येतं, असं कुलथे म्हणाले.

नकाशावर अठरा नंबरची हद्द गोल आहे, फक्त पूर्वेला एक लांब बोट बाहेर आलंय. ते दोन किलोमीटर जातं आणि जुन्या दगडखाणीच्या वस्तीला वेढा घालून परत येतं. वस्तीत जेमतेम तीस झोपड्या उरल्यात. मी कुलथेंना विचारलं होतं, हे बोट कशाला? ते खूश होऊन म्हणाले, तिथे आपल्या शहरातली सगळ्यात खात्रीची अकरा मुलं आहेत, मॅडम. सात वर्षांत एक खाडा नाही.

मी ती अकरा नावं उघडून पाहिली नाहीत. खोटं कशाला सांगू, हिंमत झाली नाही.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात एक माणूस मुलीला घेऊन आला. चाळिशीच्या आतला असेल, पण चार पावलं चालून भिंतीला टेकत होता. छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. खाणीतल्या माणसाचा दम मी ओळखते. तो हात जोडून म्हणाला, “बाई, वळखलं का? मारुती धोत्रे. खाणीवरचा. ही अंबी, तुमच्याकडं दुसरीत हुती.”

त्यानं सांगितलं ते असं. त्या वर्षी दिवाळीनंतर ठेकेदारानं काम हलवलं तेव्हा ते सगळे त्याच्यामागे गेले. एक खाण, दुसरी, तिसरी. अंबी कुठे चार महिने, कुठे सहा महिने शाळेत बसली, बाकीचं इकडूनतिकडून शिकली. आता त्याचा दम वाढला म्हणून जुन्या झोपडीत परत आलेत. बायको इमारतीच्या कामावर जाते. पोरीला वयाप्रमाणे नववीत बसवतात असं कुणीतरी सांगितलं होतं. अठरा नंबर वस्तीपासून चालत जाण्यासारखी आहे. एकतीसला पाठवायचं तर दिवसभर त्याला कोण बघणार? पोरगी घरीच राहील.

मी नाव घातलं. अंबिका मारुती धोत्रे, जन्मतारीख, वस्ती. पडद्यावर लगेच उत्तर आलं: ही विद्यार्थिनी दाखल आहे. शाळा क्रमांक अठरा, इयत्ता नववी, तुकडी ब. हजेरी शंभर टक्के. स्वभाव शांत. नवीन नोंद करता येणार नाही.

मी मुलीकडे पाहिलं. काळीसावळी, रुंद कपाळ, हातांना दगडाचे घट्टे. मला तिचा दुसरीतला चेहरा आठवेना. त्या नावाला मी तीन वर्षं रोज हजर लावलं होतं, आणि चेहरा आठवेना.

सांगते. अंबी दुसरीत होती त्या वर्षी खाणीवरच्या वस्तीशाळेत सव्वीस मुलं होती. वीसच्या खाली पट गेला की शाळा बंद करायची, असा हुकूम होता. दिवाळीनंतर दुसरीतली अकरा मुलं आईबापांबरोबर गेली, उरली पंधरा. शाळा बंद झाली असती तर त्या पंधरांना हायवे ओलांडून जावं लागलं असतं. आणि माझी बदली थेट जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला झाली असती, तेही खरं. मी म्हटलं, पाडव्याला येतील परत, तोवर राहू देत पटावर. पट फुगवणारी मी काही पहिली नव्हते. मग हजेरीचं टॅब आलं. त्यावर एक बटण होतं, ‘नेहमीप्रमाणे’. ते दाबलं की कालची हजेरी आज लागायची, गुणही मागच्यासारखेच पडायचे. मी ते रोज दाबलं. पाडवा आला, गेला. तीन वर्षांनी शाळा बंद झालीच, पण अकरा मुलांचे दाखले आपोआप पुढच्या शाळेत गेले. तिथल्या सरांची पोस्टही पटावरच अवलंबून होती. त्यांनीही ‘नेहमीप्रमाणे’ दाबलं. त्यानंतर रेघेची प्रतिरूपंच सगळं भरायला लागली, कुणी दाबायचीही गरज राहिली नाही.

मारुतीला मी म्हटलं, उद्या या, बघते काहीतरी. तो विश्वासानं मान हलवून गेला. त्याचा तो विश्वास पाहून मला स्वतःची फार लाज वाटली.

कुलथेंना मी सगळं सांगितलं. मग त्यांनी पडद्यावर त्या अकरांना काढून रेघ पुन्हा ताणून पाहिली. पूर्वेचं ते बोट आक्रसत आक्रसत आत आलं आणि नाहीसं झालं. वस्ती हद्दीबाहेर. तिथे आज खरी सहा मुलं आहेत, अठरा नंबरला जाणारी, तीही बाहेर. म्हणजे जी मुलं नाहीत त्यांच्या जोरावर ही सहा आत होती. खरं बोलावं तर अंबीची शाळा जाते, न बोलावं तर अंबीच खोटी ठरते.

तेव्हा मला जे सुचलं ते माझ्या पिढीतल्या कुठल्याही शिक्षिकेला सुचलं असतं. नाव आहे, जागा आहे, हजेरी आहे. मग पोरीला नेऊन त्या जागेवर बसवायचं. कागद तसाच राहू द्यायचा आणि माणूस आणून कागदात भरायचा. कुलथे म्हणाले, करून पाहा, पण यंत्र कसं घेईल सांगता येत नाही. मी म्हटलं, कसं घेईल म्हणजे? ती अंबिकाच आहे.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः तिला अठरा नंबरला घेऊन गेले. नववी ‘ब’चे वर्गशिक्षक गव्हाणे सर दारात भेटले. वर्गात पाय ठेवायला जागा नव्हती. एकेका बाकावर चार चार पोरं, मागे सतरंजीवर वीसेक जण मांडीवर टॅब घेऊन बसलेले. आणि त्या गर्दीत मधेच कुठे कुठे भोकं होती. पहिल्या रांगेत एक रिकामी जागा, तिसऱ्या रांगेत दोन, खिडकीशी एक. मी मोजल्या. अकरा.

मी सरांना विचारलं, पोरं जमिनीवर आणि जागा मोकळ्या, हे काय? ते म्हणाले, बसायच्या जागा यंत्र ठरवतं मॅडम, दुसऱ्याच्या जागी बसलं की बसणाऱ्याचीच गैरहजेरी लागते. सुरुवातीला पोरं कुरकुरली, आता सवय झाली. मग थोडं ओशाळून म्हणाले, त्या मुलांचे घरचे दिवस जरा जास्त असतात बहुतेक. सरांनाही सवय झाली होती.

तिसऱ्या रांगेतल्या जागेशेजारी केतकी बनसोडे नावाची चष्म्याची मुलगी बसली होती. अंबी बसायला वाकली तशी तिनं हात आडवा धरला. “इथे अंबिका असते,” ती म्हणाली.

मी म्हटलं, हीच अंबिका. केतकीनं तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. आठवीपासून ती अंबिकाच्या गटात होती. टॅबवर दोघींनी मिळून विज्ञानाचे चार प्रकल्प केले होते, अंबिकाचं अक्षर तिला आवडायचं, वाढदिवसाला अंबिकानं तिला चार ओळींच्या शुभेच्छाही पाठवल्या होत्या. तिनं हात काढला, पण पटलं नसावं. सरकून बसली आणि मधे दप्तर ठेवलं.

पुढचे दोन आठवडे मी टेबलावर शिव्या खात होते आणि मनातून बरी होते. वाटलं, निभावलं. आपण केलेली चूक आपल्याच हातानं मार्गी लागली. माणूस स्वतःला फसवायला फार वेळ घेत नाही.

एका शनिवारी दुपारी अंबी कक्षात आली. एकटी नव्हती, बापही होता, तो बाहेर व्हरांड्यात बाकावर बसला. तिनं टॅब माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाली, “बाई, मी लिवते ते हितं ऱ्हात न्हाई.”

मला कळेना. तिनं दाखवलं. गणितात तिनं दगडाच्या घनफळाचं उदाहरण सोडवलं होतं. खाणीत ती ट्रकमधला माल मोजायला बापाबरोबर उभी राहायची, असली गणितं ती तोंडानं करते. उत्तर बरोबर होतं. रात्रीत ते पुसलं गेलं होतं आणि त्या जागी दुसरी मांडणी आली होती, नीटनेटकी, पायरी पायरीनं, शेवटी उत्तरात एक लहानशी चूक. वर शेरा होता: विसंगत नोंद दुरुस्त केली. मराठीचा उतारा ती अडखळत वाचते, नोंदीत तो सफाईनं वाचलेला होता. मंगळवारी बापाला दवाखान्यात नेलं म्हणून ती गेली नव्हती. हजेरी लागली होती. बुधवारी ती होती, तेव्हा तिच्या नावापुढे आलं होतं: जागेवर अनोळखी विद्यार्थिनी.

वर्गात तिला ‘दुसरी’ म्हणतात, असं तिनं सांगितलं. केतकी चांगली आहे, डब्यातलं देते. पण काल तिनं हळूच विचारलं, खरी अंबिका कधी येणार?

मी कुलथेंना हाक मारली आणि जरा तोंडच सोडलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, “सात वर्षांची अखंड हजेरी एका बाजूला, दोन आठवड्यांची धडपड एका बाजूला. तुम्ही यंत्र असता तर कुणावर विश्वास ठेवला असता, मॅडम?” अंबीला स्वतःसारखं ठरायला किती दिवस लागतील, विचारलं तर म्हणाले, चार-पाच वर्षं. तोवर दहावी होऊन गेली असती. या अंबीची नव्हे, यंत्रातल्या अंबिकाची.

अंबी तिथेच उभी होती. तिला याहून वेगळंच काहीतरी दाखवायचं होतं. तिनं टॅबवर मराठीचा निबंध काढला. विषय होता ‘माझे वडील’. हा तिनं लिहिलाच नव्हता, घरच्या दिवशी तो आपोआप आला होता. तिनं बोट ठेवून एकेक शब्द वाचला.

“माझे वडील दगडखाणीत काम करायचे. धुळीमुळे त्यांना दमा झाला. ते फेब्रुवारी महिन्यात गेले. त्या दिवशी माझा शाळेचा दिवस होता. आई म्हणाली, तू जा. म्हणून मी गेले.”

बाहेर व्हरांड्यात मारुती खोकत होता. आम्ही तिघं तो खोकला ऐकत राहिलो. कुलथे खालच्या आवाजात सांगायला लागले, की खाणकामगार, वय अडतीस, हजारातल्या सहाशे वाटांवर असंच येतं, यंत्र फक्त जास्त शक्यतेची वाट धरतं, त्यात वाईट हेतू नसतो. मी त्यांना गप्प बसायला सांगितलं.

अंबीचे डोळे कोरडे होते. रागानं तिचा आवाज बसला होता. “माझा बाप जिता हाय,” ती म्हणाली. “आन् तो मेला तर मी साळंत जाणार न्हाई त्या दिवशी. ही पोरगी मी न्हाई. हिला काढा, बाई.”

मी तिला समजावलं. हिला काढलं तर सगळ्यांची चौकशी होईल, तुझं घर हद्दीबाहेर जाईल, एकतीस नंबर म्हणजे नऊ किलोमीटर, बाबांचं काय? दोन वर्षं सोस, दहावीनंतर कोण विचारतंय? बोलता बोलता माझं मलाच ऐकू आलं, की मी तिला ‘नेहमीप्रमाणे’ दाबायला सांगते आहे. मी थांबले. चौदा वर्षांच्या पोरीपुढे मान वर करून बघवेना.

सोमवारी सुनावणी होती. महापालिकेच्या सभागृहात उपायुक्त दर महिन्याला पालकांच्या हरकती ऐकतात, मी शेजारी बसून नकाशा दाखवते. त्या दिवशी माझी पाळी आल्यावर मी उभी राहिले आणि अकरा नावं वाचली. ही मुलं सात वर्षांपूर्वी गाव सोडून गेली, मी त्यांना पटावर ठेवलं, पूर्वेचं बोट त्यांच्यामुळे आहे, नववी ‘ब’तल्या अकरा जागा त्यांच्यामुळे रिकाम्या आहेत, आणि त्यातली एक परत येऊन स्वतः म्हणते आहे की ही नोंद काढा.

मग एक बाई उठल्या. त्यांची मुलगी एकतीस नंबरला जात होती, मार्चमध्ये तिनं शाळा सोडली. त्यांनी शिवी दिली नाही. त्या एवढंच म्हणाल्या, म्हणजे माझ्या पोरीच्या जागेवर कुणीच नव्हतं? त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

उपायुक्तांनी मला तिथल्या तिथे निलंबित केलं. मला ते अपेक्षित होतं. अपेक्षित नव्हतं ते पुढचं. अकरा नावं लगेच काढता येणार नाहीत, असं त्यांनी सांगितलं, कारण वर्षाच्या मध्ये रेघ हलली तर अख्खं शहर रस्त्यावर येईल. चौकशी होईपर्यंत ती मुलं हजर राहतील. फक्त ज्या मुलीनं स्वतः येऊन मागणी केली आहे, तिची नोंद बंद करावी. बाकीच्या दहांनी यावं आणि सांगावं. ती दहा कुठल्या खाणीवर आहेत, हे कुणाला ठाऊक आहे?

मंगळवारी दुपारी आम्ही कुलथेंच्या खोलीत जमलो. अंबी, मारुती, मी. नोंद बंद करायला कारण द्यावं लागतं आणि कारणं यादीतूनच निवडावी लागतात. स्थलांतर निवडलं तर प्रतिरूप दुसऱ्या शाळेत जाऊन शिकत राहतं. विवाह निवडलं तर संसार करतं. शाळाबाह्य म्हटलं तर यंत्रच तिला समजावून परत आणतं. ‘चुकीची नोंद’ हे कारण पूर्वी होतं, पण नगरसेवक नको ती मुलं त्यातून गाळायला लागले, म्हणून काढून टाकलं. उरलं एकच.

मारुतीला अक्षर येत नाही. त्यानं विचारलं, काय लिवलंय? कुलथेंनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, मृत्यू लिहिलंय, पण ते आपल्या अंबीबद्दल नाही, यंत्रातल्या मुलीबद्दल आहे. तो बराच वेळ पोरीच्या डोक्यावर हात ठेवून बसला. मग म्हणाला, तिला सांगा, त्रास हुणार न्हाई ना तिला?

मी दाबते म्हणाले, पाप माझं आहे. अंबी नको म्हणाली आणि तिनं स्वतः बोट ठेवलं.

पडदा अर्धा मिनिट तसाच राहिला. मग नकाशा हलला. बोटाच्या टोकाशी एक खुंटी निघाली होती, रेघ तेवढी आत सरकली. टोकाची झोपडी मारुतीची. ती पोरगी होती म्हणून अंबीचं घर हद्दीत होतं, ती गेली तसं बाहेर पडलं. अठरा नंबरमध्ये मोकळी झालेली जागा प्रतीक्षा यादीतल्या पहिल्या मुलाला गेली, आणि अंबिका मारुती धोत्रे या नावाची एक नवी विद्यार्थिनी, मागची काहीही माहिती नसलेली, एकतीस नंबरला दाखल झाली. कुलथेंनी चिठ्ठी छापून तिच्या हातात दिली. त्या दिवशी त्यांनी यंत्राचं कौतुक केलं नाही.

मारुतीचा प्रश्न मी माझ्यापुरता सोडवला. निलंबित माणसाला वेळच वेळ असतो. अंबीला सकाळच्या बसनं एकतीसला पोचवायचं, दिवसभर मारुतीकडे लक्ष ठेवायचं, संध्याकाळी तिला आणायचं. अंबी म्हणाली, किती दिवस? मी म्हटलं, दहावीपर्यंत तरी. तिनं विश्वास ठेवला की नाही, कळलं नाही. मी तिच्या जागी असते तर ठेवला नसता.

बुधवारी सकाळी जाताना वाटेत अठरा नंबरला थांबायचं होतं. टॅब शाळेचं, ते परत करायचं होतं. आम्ही फाटकातून आत गेलो तर मैदानावर सगळी शाळा रांगेत उभी. एकोणीसशे पोरं आणि आवाज नाही. मुख्याध्यापक भोंग्यावरून वाचत होते. सूचना रात्री यंत्रानंच पाठवली होती, शाळेतलं मूल गेलं की जाते तशी: कळविण्यास अत्यंत दुःख होते, की आपल्या प्रशालेची गुणी, नियमित व शांत स्वभावाची विद्यार्थिनी कुमारी अंबिका मारुती धोत्रे हिचे निधन झाले. दोन मिनिटे स्तब्ध उभे राहून श्रद्धांजली वाहू या.

नववी ‘ब’ फाटकाजवळच होती. गव्हाणे सरांना खरं ठाऊक असणार, पण त्यांनीही हात जोडलेले होते. केतकी चष्मा काढून रडत होती, हुंदके दाबून, खरंखुरं. कुणी विचित्र वागत नव्हतं. शाळेत मूल गेल्यावर जसं असतं तसंच सगळं होतं. आणि ज्या मुलीच्या नावानं हे चाललं होतं ती माझ्या शेजारी टॅब छातीशी धरून उभी होती.

मला ते सहन होईना. मी तिचा दंड धरला, चल म्हटलं, तू कशाला इथे थांबतेस, बस चुकेल. तिनं दंड सोडवून घेतला. टॅब खाली मातीत ठेवलं, रांगेच्या शेवटी जाऊन केतकीच्या मागे उभी राहिली आणि हात जोडले.

“थांबा बाई,” ती हळूच म्हणाली. “सात वर्सं माझ्या जागी तीच साळंत येत हुती.”

तिनं डोळे मिटले. मग मीही तिच्याशेजारी उभी राहिले आणि मिटले.